एमिनेम आणि त्याचे श्रोते: पंचवीस वर्षांच्या वादाचा आढावा

अमेरिकन रॅपर एमिनेम, म्हणजेच मार्शल मॅदर्स, याच्याविषयी १९९९ पासून जे लिहिले आणि बोलले गेले ते एकत्र वाचले, तर त्याच्या गाण्यांच्या गुणवत्तेवरचा वाद त्यात प्रत्यक्षात कमीच आढळतो. शब्दांवरची त्याची हुकमत त्याच्या कडव्या विरोधकांनीही सहसा नाकारलेली नाही. वाद पुन्हापुन्हा पेटतो तो वेगळ्याच मुद्द्यावर, आणि तो मुद्दा असा की गाण्यातला जो ‘मी’ धमकावतो, शिव्या देतो, रडतो किंवा माफी मागतो, तो नेमका कोण आहे? समीक्षकांनी या प्रश्नाचे एक उत्तर दिले, चाहत्यांनी दुसरे दिले, आणि सोयीप्रमाणे दोघांनीही आपापली उत्तरे बदलली. या आढाव्यात त्या बदलत्या उत्तरांचा माग घेतला आहे, कारण एखाद्या लोकप्रिय कलावंताचे मूल्यमापन कसे घडते आणि कसे बिघडते हे या कारकिर्दीत जितके उघडपणे दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसते.

१९७२ मध्ये मिसूरी राज्यात जन्मलेल्या या मुलाची जडणघडण झाली ती मुख्यतः डेट्रॉइट शहरात आणि त्याच्या सीमेवर. या शहराच्या उत्तरेच्या हद्दीवरून जाणारा ‘एट माइल’ हा रस्ता बहुसंख्य काळ्या वस्तीचे शहर आणि बहुसंख्य गोऱ्या वस्तीची उपनगरे यांना विभागतो. त्या रस्त्याच्या आसपास वाढलेला गरीब गोरा तरुण ‘हिप हॉप शॉप’ या कपड्यांच्या दुकानातल्या खुल्या मंचावर रॅप करू लागला, तेव्हा त्याचे पहिले परीक्षक होते ते समोर उभे असलेले काळे श्रोते. रॅपच्या लढतीत, म्हणजे दोन रॅपरांनी समोरासमोर उभे राहून उत्स्फूर्त पद्यातून एकमेकांना निरुत्तर करण्याच्या स्पर्धेत, निकाल जागच्या जागी गर्दीच देते. वर्तमानपत्रातल्या समीक्षेचा त्याला स्पर्श होण्यापूर्वीच या कठोर पंचायतीसमोर त्याने स्वतःला सिद्ध केले होते, आणि पुढे त्याच्या वांशिक हक्काविषयी जो वाद झाला त्यात ही गोष्ट नेहमी त्याच्या बाजूने मांडली गेली.

१९९६ चा ‘इन्फिनिट’ हा त्याचा पहिला अल्बम मात्र डेट्रॉइटबाहेर फारसा पोहोचला नाही, आणि ज्यांनी तो ऐकला त्यांनी न्यूयॉर्कच्या नॅझ या रॅपरची नक्कल म्हणून तो बाजूला सारला. त्या उपेक्षेतून ‘स्लिम शेडी’ हे पात्र जन्माला आले. ज्या गोष्टी सभ्य माणूस मनातही आणू धजत नाही त्या हसतखेळत बोलून दाखवणारे, स्वतःच्या अपयशाचीही खिल्ली उडवणारे हे दुष्ट पात्र त्याने १९९७ च्या एका छोट्या ध्वनिमुद्रिकेत आणले. ती डॉक्टर ड्रे या नामवंत निर्मात्याच्या कानावर पडली आणि १९९९ मध्ये ‘द स्लिम शेडी एलपी’ प्रसिद्ध झाला. म्हणजे मुखवटा आधी यशाची गरज म्हणून आला, आणि त्याचे सिद्धांतात रूपांतर नंतर समीक्षकांनी केले, हा क्रम विसरून चालणार नाही.

पहिली मोठी प्रतिक्रिया नैतिक होती. ‘बिलबोर्ड’ या संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकाचे संपादक टिमथी व्हाइट यांनी संपादकीय लिहून, जगातल्या दुःखाचा हा धंदा आहे, अशा आशयाचा आरोप केला. व्यापाराचे मुखपत्रच एका विकल्या जाणाऱ्या मालाविरुद्ध उभे राहिले, ही घटना असाधारण होती. मे २००० मध्ये ‘द मार्शल मॅदर्स एलपी’ आला, अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात त्याच्या १७ लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि विरोधही त्याच प्रमाणात वाढला. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या ‘ग्लाड’ या संघटनेने त्यातल्या द्वेषपूर्ण शब्दांविरुद्ध निदर्शने केली, तर त्याच वर्षी उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार डिक चेनी यांच्या पत्नी लिन चेनी यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना त्याच्या गाण्यांतल्या स्त्रियांवरील हिंसेचा दाखला दिला. पुरोगामी संघटना आणि रूढिवादी राजकारणी एकाच गाण्यांविरुद्ध बोलत होते, मात्र त्यांची कारणे वेगळी होती: एका बाजूला दुखावल्या गेलेल्या समूहाची सुरक्षितता होती, दुसऱ्या बाजूला कुटुंबसंस्थेची चिंता. पुढच्या काळात ही दोन कारणे एकाच ‘सेन्सॉरशिप’च्या खात्यात टाकून दोन्ही एकदमच फेटाळण्याची सवय चाहत्यांना लागली, आणि त्यात पहिल्या कारणावर मोठा अन्याय झाला.

या विरोधाला समीक्षेने दिलेले उत्तर म्हणजे मुखवट्याचा सिद्धांत. गाण्यातला ‘मी’ हे कवीने उभे केलेले पात्र असते, म्हणून पात्राच्या तोंडचे शब्द कवीच्या माथी मारू नयेत, असे हे प्रतिपादन आहे. मराठी वाचकाला त्यात नवे काही वाटणार नाही. एकनाथांच्या भारुडांत बोलणारी, सासरच्या माणसांना कंटाळलेली सून म्हणजे एकनाथ नव्हेत, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. २००१ च्या सुरुवातीला ब्रिटिश कादंबरीकार जाइल्स फोडेन यांनी ‘द गार्डियन’मध्ये एमिनेमला रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या नाट्यात्म एकभाषितांच्या परंपरेत बसवले, आणि २००३ मध्ये नोबेलविजेते आयरिश कवी शेमस हीनी यांनी त्याच्या शाब्दिक ऊर्जेने एका पिढीत वीज खेळवली, अशा आशयाचे कौतुक केले. साहित्याच्या प्रांगणातून आलेल्या या प्रशस्तिपत्रांमुळे त्याला ऐकणे हे सुशिक्षित मध्यमवर्गासाठी एकाएकी प्रतिष्ठेचे झाले.

त्याच वर्षी मिशिगनमधल्या एका न्यायालयाने मुखवट्याच्या सिद्धांताला कायद्याची जोड दिली. शाळेतल्या एका जुन्या सहाध्यायाने, आपल्याविषयी गाण्यात खोटे लिहिले म्हणून, बदनामीचा दावा लावला होता. कोणताही समंजस श्रोता या ओळी शब्दशः खऱ्या मानणार नाही, ती उघड अतिशयोक्ती आहे, असे म्हणून न्यायाधीशांनी दावा फेटाळला आणि निकालाचा सारांश चक्क यमकबद्ध ओळींत लिहिला.

मात्र हा सिद्धांत सगळ्यात मोठ्या कसोटीला उतरतो तो ‘स्टॅन’ या गाण्यात, आणि तेथेच त्याच्या मर्यादाही दिसू लागतात. हे गाणे चार भागांत बांधलेले आहे. पहिली तीन पत्रे स्टॅन नावाच्या चाहत्याची आहेत. मागे पाऊस पडत असतो, कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज येत असतो, आणि मधूनमधून डायडो या ब्रिटिश गायिकेचा मुळात एका प्रेमगीतातला मवाळ स्वर येतो. पहिल्या पत्रात आदर आहे, दुसऱ्यात उत्तर न आल्याची तक्रार आणि आपण दोघे सारखेच आहोत हा हट्ट आहे. तिसरे पत्र लिहिलेले नसून भरधाव मोटारीत कॅसेटवर मुद्रित केलेले आहे, आणि तेव्हा त्याची गरोदर मैत्रीण डिकीत कोंडलेली असते. चौथा भाग एमिनेमचे उत्तर: शांत, समजूतदार, थोडे वडीलकीचे, आणि उशिरा लिहिलेले. लिहिता लिहिताच बातमीत ऐकलेली दुर्घटना याच माणसाची होती, हे त्याच्या लक्षात येते. गाण्याचा सगळा भार एका गोष्टीवर आहे: स्टॅनने स्लिम शेडीच्या तोंडचे शब्द खरे मानले. स्वतःच्या चाहत्याने आपल्याला कसे वाचू नये हे सांगण्यासाठी एका गायकाने इतकी काटेकोर रचना केल्याचे उदाहरण लोकप्रिय संगीतात विरळा आहे. फेब्रुवारी २००१ च्या ग्रॅमी सोहळ्यात एल्टन जॉन या उघडपणे समलिंगी असलेल्या गायकाबरोबर त्याने हेच गाणे सादर केले, तेव्हा सभागृहाबाहेर निदर्शने चालू होती. त्या रात्री सर्वोत्तम अल्बमचा सन्मान त्याला न मिळता ‘स्टीली डॅन’ या जुन्या बँडला गेला.

पण चाहत्यांचे त्याच्यावरचे प्रेम मुखवट्यावर उभे नव्हते. बाप सोडून गेलेला, सतत शाळा बदललेला, आईशी वैर असलेला, मुलीवर जीव टाकणारा मुलगा हा त्यांच्या दृष्टीने खरा मार्शल होता, आणि त्याच्या खरेपणामुळेच त्यांना आपल्या घरातल्या गोष्टी बोलण्याचे बळ मिळाले. येथे चाहत्यांची एक मोठी विसंगती दिसते. आईविषयीचे दुःख खरे, मुलीवरचे प्रेम खरे, व्यसनाशी झगडा खरा; मात्र पत्नीला ठार मारण्याचे वर्णन तेवढे नाटक. समीक्षकांची विसंगतीही तशीच होती: हिंसा आली की ते मुखवटा पाहत, आणि करुणा आली की माणूस. दोन्ही पक्षांनी त्याच्या कामातले जे रुचले ते त्याच्या नावावर जमा केले आणि जे टोचले ते पात्राच्या नावावर टाकले. खुद्द एमिनेमनेही ही सोय भरपूर वापरली.

मुखवट्याचा सिद्धांत कोठे तोकडा पडतो हे सर्वांत नेमके दाखवले ते एका गायिकेने, आणि तेही गाण्यातूनच. पत्नीचा खून करून, लहान मुलीला सोबत घेऊन, प्रेत तळ्यात टाकायला निघालेल्या बापाचे ‘द स्लिम शेडी एलपी’मधले एक गाणे टोरी एमस यांनी २००१ मध्ये ‘स्ट्रेंज लिटल गर्ल्स’ या आपल्या अल्बममध्ये पुन्हा गायले. शब्द तेच ठेवून त्यांनी ते डिकीत मरत पडलेल्या आईच्या कानांनी ऐकले आणि कुजबुजत्या स्वरात म्हटले. मूळ गाण्यात बाप लेकीशी लाडिकपणे बोलतो, तेव्हा श्रोता त्या विनोदी सुराकडे ओढला जातो. येथे तेच लाडिक शब्द असह्य होतात. मुखवट्यावर चर्चा करणाऱ्या शेकडो लेखांनी जे विचारले नाही ते या एका सादरीकरणाने विचारले: पात्र काल्पनिक आहे हे मान्य, पण मेलेली बाई कोणाच्या नावाची आहे? ‘किम’ हे खऱ्या, हयात पत्नीचे नाव होते, आणि ‘द मार्शल मॅदर्स एलपी’मधल्या तशाच दुसऱ्या गाण्याचे शीर्षकही तेच होते. भारुडातल्या सुनेला घर नसते, किमला होते. म्हणूनच मुखवट्याचा युक्तिवाद ‘स्टॅन’ला पूर्ण लागू पडतो आणि ‘किम’ला अर्धाच, असे म्हणणे भाग आहे. समलिंगी व्यक्तींसाठी वापरलेल्या शिवीचेही तेच, कारण ती शिवी पात्राने उच्चारली तरी शाळेच्या मैदानात ती खऱ्या मुलाच्याच वाट्याला येते.

२००२ हे वर्ष सार्वत्रिक मान्यतेचे ठरले. कर्टिस हॅन्सन दिग्दर्शित ‘एट माइल’ या चित्रपटात त्याने स्वतःच्या आयुष्याशी मिळतीजुळती भूमिका केली, आणि त्यातल्या ‘लूज युअरसेल्फ’ला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळाले, रॅप गाण्याला तो सन्मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. चित्रपटाच्या अखेरच्या लढतीत नायक प्रतिस्पर्ध्याला बोलायची संधीच उरू देत नाही: मी गोरा आहे, गरीब आहे, आईसोबत फिरत्या घरात राहतो, हे सारे तो स्वतःच आधी सांगून टाकतो, आणि मग प्रतिस्पर्धी खासगी शाळेत शिकलेला असल्याचे उघड करतो. टीकाकाराच्या हातातले हत्यार आपणच आधी वापरायचे, हे तंत्र एमिनेमने पुढे आयुष्यभर समीक्षकांवरही चालवले. ज्येष्ठ स्तंभलेखक त्याची स्तुती करू लागले, तेव्हा ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये रिचर्ड गोल्डस्टीन यांनी या एकमतावरच बोट ठेवले: स्त्रीद्वेष आणि समलिंगीद्वेष यांच्याकडे डोळेझाक केल्यावाचून हे प्रेम शक्य नाही, असा त्यांचा रोख होता. त्या गदारोळात हा आवाज एकाकी पडला. आज वाचताना तो बरोबर वाटतो.

वंशाचा प्रश्न गोऱ्या समीक्षकांनी लवकर मिटवला, पण काळ्या पत्रकारांनी मिटू दिला नाही. हिप-हॉप ही काळ्या वस्त्यांत जन्मलेली कला असताना तिचा सर्वाधिक खपणारा चेहरा गोरा असावा, यात त्यांना एल्व्हिस प्रेस्लीच्या काळापासूनची जुनी कहाणी दिसत होती. एमिनेमने हा लाभ स्वतःच्या गाण्यांतून उघड कबूल केला, ही प्रामाणिक गोष्ट होती. मात्र कबुलीने लाभ कमी होत नाही. ‘द सोर्स’ या हिप-हॉपच्या प्रतिष्ठित मासिकाने नोव्हेंबर २००३ मध्ये त्याच्या तरुणपणीचे एक ध्वनिमुद्रण उघड केले, ज्यात काळ्या स्त्रियांविषयी वंशद्वेषी शब्द होते. त्याने माफी मागितली आणि काळ्या मैत्रिणीशी झालेल्या ताटातुटीनंतरचा तो पोरकट राग होता असे सांगितले. पण मासिकाचा सहमालक बेन्झिनो हा स्वतः रॅपर होता आणि एमिनेमशी त्याचे जाहीर भांडण चालू होते, त्यामुळे वाचकांनी हा आरोप सूडाच्या खात्यात टाकला आणि मासिकाची पत घसरली ती पुन्हा सावरली नाही. आरोप करणारा पक्षपाती होता म्हणून आरोपातला प्रश्नच निकालात निघाला. काळ्या स्त्री-श्रोत्यांनी त्या ध्वनिमुद्रणाचे काय करावे, यावर गंभीर चर्चा त्या वेळी झाली नाही, आणि या सगळ्या इतिहासातली ती सर्वांत मोठी उणीव आहे.

२००४ चा ‘एन्कोर’ सर्वांनाच सैल वाटला. त्यानंतर जिवलग मित्र प्रूफ याचा २००६ मध्ये गोळीबारात मृत्यू, औषधांचे व्यसन आणि २००७ च्या अखेरीस जीवावर बेतलेला अतिसेवनाचा प्रसंग असा काळ गेला. २००९ चा ‘रीलॅप्स’ विचित्र उच्चार आणि भयकथांनी भरलेला होता. त्या वेळी तो नापसंत झाला आणि गायकानेही पुढच्याच वर्षीच्या एका गाण्यात तो नाकारला, पण नंतर चाहत्यांच्या एका गटाने तो उचलून धरला आणि त्याच्या श्रेष्ठ कामांत त्याची गणना सुरू केली. २०१० च्या ‘रिकव्हरी’ने उलट दिशेचा वाद दिला. व्यसनमुक्तीचे सरळ, प्रेरणादायी सूर त्यात होते. तो अमेरिकेत त्या वर्षी सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला, व्यसनातून बाहेर पडणाऱ्या असंख्य श्रोत्यांनी त्याला आधार मानले, मात्र जाणकारांना त्यात धार हरवलेली वाटली. मुखवटा गळून पडावा अशी मागणी करणाऱ्यांनाच मुखवट्याविना तो नीरस वाटू लागला होता.

कारागिरीच्या प्रश्नावर चाहते आणि समीक्षक यांच्यात जी दरी पडली ती याच काळात रुंदावली, आणि ती थोडी सविस्तर पाहण्याजोगी आहे. मराठी पद्यात यमक बहुधा चरणाच्या शेवटच्या एकदोन अक्षरांत जुळते. एमिनेम मात्र चार-पाच अक्षरांच्या सलग स्वरमालिका जुळवतो, आणि त्याही चरणाच्या मध्यभागी; व्यंजने वेगळी असली तरी उच्चार किंचित वाकवून तो स्वर एकसारखे करतो. २०१० मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याने संत्र्याच्या इंग्रजी नावाशी, ज्याला यमक नाही असे मानले जाते, असेच शब्द तोडून जोडून दाखवले होते. चाहते त्याच्या ओळींतले जुळणारे स्वर वेगवेगळ्या रंगांनी रंगवून अभ्यासतात, आणि हा अभ्यास कित्येकदा छापील परीक्षणांपेक्षा बारकाईचा असतो. पुढे वेग हाच मानदंड झाला. २०१३ च्या ‘रॅप गॉड’मध्ये ६ मिनिटे ४ सेकंदांत १,५६० शब्द आहेत आणि गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली. समीक्षक म्हणू लागले की हा आता व्यायामाचा खेळ झाला आहे, शब्द ऐकू येतात पण काही सांगत नाहीत. या वादात दोन्ही बाजूंकडे अर्धे सत्य आहे. ‘स्टॅन’मध्ये यमक जवळजवळ लपलेले आहे, कारण ते पत्राच्या बोलीला शरण गेले आहे; उत्तरकाळात बोली यमकाला शरण जाते. पण याच २०१३ च्या अल्बमात स्टॅनचा धाकटा भाऊ सूड घ्यायला येतो असे एक गाणे आहे, आणि आईची माफी मागणारेही एक आहे. नुसत्या वेगाचा आरोप करणाऱ्यांनी ती दोन्ही पुरेशी ऐकली नाहीत.

ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याने एका पुरस्कार सोहळ्यासाठीच्या चित्रफितीत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर हल्ला चढवला आणि ट्रम्पसमर्थक चाहत्यांना निवड करायला सांगितले. त्याच डिसेंबरातला ‘रिव्हायव्हल’ समीक्षकांनी झोडपून काढला. त्याच्या सर्वांत सौम्य, राजकीयदृष्ट्या सर्वांत जबाबदार अल्बमला सर्वांत वाईट परीक्षणे मिळाली, आणि ती योग्यच होती, कारण चांगला हेतू ढिसाळ चालींची भरपाई करत नाही. उत्तर म्हणून ऑगस्ट २०१८ च्या अखेरीस, पूर्वसूचना न देता, ‘कामिकाझे’ आला. त्याची पहिलीच रचना परीक्षणकारांवर होती. लढतीच्या मंचावरचे नियम त्याने वर्तमानपत्रांना लावले. एका गाण्यात टायलर द क्रिएटर या रॅपरविरुद्ध समलिंगीद्वेषी शिवी होती, त्या गाण्यात आवाज असलेल्या जस्टिन व्हर्नन यांनी जाहीरपणे हात झटकले, आणि मर्यादा ओलांडली गेली असे एमिनेमने नंतर मुलाखतीत मान्य केले. या सगळ्यात खपावर परिणाम झाला नाही: २०२० पर्यंत बिलबोर्डच्या यादीत ओळीने दहा अल्बम प्रथम स्थानी आणणारा तो पहिला कलावंत ठरला. परीक्षणांचे बाजारातले वजन संपले आहे हे त्यावरून कळते, पण परीक्षणे चुकीची होती असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही, आणि चाहत्यांच्या युक्तिवादात या दोन गोष्टींची गल्लत सतत होते.

दरम्यान ‘स्टॅन’ हे नाव आंधळ्या चाहत्यासाठीचे सामान्यनाम होऊन २०१९ मध्ये मेरियम-वेब्स्टर शब्दकोशात गेले. मूळ गाण्यातला इशारा त्यात उरला नाही. आज लोक ते अभिमानाने स्वतःला लावतात. २०२२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला तेव्हा एमिनेमने भाषणात आपण ज्यांच्याकडून शिकलो अशा शंभरहून अधिक हिप-हॉप कलावंतांची यादी वाचली. वंशाच्या प्रश्नाला त्याने दिलेले ते सर्वांत सभ्य उत्तर होते, आणि काळ्या कलावंतांनी ते तसेच स्वीकारले.

जुलै २०२४ च्या ‘द डेथ ऑफ स्लिम शेडी’मध्ये त्याने तो मुखवटाच मारण्याचा घाट घातला. एका गाण्यात माणूस आणि पात्र समोरासमोर भांडतात. पात्र म्हणते, माझ्यावाचून तुला ओळखणार कोण, आणि माणूस त्याला त्याच्या क्रौर्याचा जाब विचारतो. समीक्षक दुभंगले. काहींना हा प्रामाणिक हिशेब वाटला, तर काहींना जुन्याच शिव्या पुन्हा देण्यासाठी शोधलेली पळवाट, कारण पात्राला मारण्याच्या निमित्ताने त्याला अल्बमच्या मोठ्या भागात मोकळे सोडले होते. दुसरे मत अधिक पटते. दोघांचे भांडण कितीही रंगले, तरी त्यात तिसऱ्या कोणाला बोलू दिलेले नाही. आई, किम, समलिंगी मुलगा, ध्वनिमुद्रणातल्या काळ्या स्त्रिया यांच्यावर या कारकिर्दीचा मोठा हिस्सा उभा आहे, आणि मुखवटा दोषी की माणूस दोषी हे अखेर ज्यांना विचारायला हवे ते हेच आहेत. टोरी एमस यांनी २००१ मध्ये तो प्रश्न विचारला होता. एमिनेमच्या समीक्षेला त्याच्या पुढे जाण्याचे काम अजून करायचे आहे.